बुकिंगवैराग्य

आपल्याकडे न टिकणाऱ्या वैराग्याचे तीन प्रकार सांगितले जातात : स्मशानवैराग्य, प्रसूतिवैराग्य आणि पुराणवैराग्य. चिता पेटलेली असते तेव्हा 'कशासाठी एवढी धडपड' असं वाटतं आणि घरी येऊन आंघोळ झाली की चहा कुणी टाकलाय का ते बघितलं जातं. वेणा सोसणारी बाई 'पुन्हा नाही' म्हणते आणि तीन वर्षांनी घरात पुन्हा पाळणा हलतो. पुराण ऐकून संसार असार वाटतो तो देवळाबाहेर आपल्या चपला सापडेपर्यंत. या तिन्हींमागे एकच गृहीतक आहे. इच्छा ही माणसाची कायमची अवस्था आणि वैराग्य ही मधली डुलकी.

मला सध्या एका चौथ्या प्रकाराचा अनुभव येतो आहे आणि त्यात हे गणित उलटं आहे. इच्छा डुलकीसारखी येऊन गेली, वैराग्य मात्र मुक्कामाला आलं. त्याला बुकिंगवैराग्य म्हणू.

आठ महिन्यांपूर्वी मी विजेवर चालणारी एक गाडी बुक केली. कुठली ते महत्त्वाचं नाही, किंमत महत्त्वाची आहे : विमा, ॲक्सेसरीज वगैरे धरून पंचवीस लाख. एकवीस हजार रुपये भरले, रद्द केल्यास पूर्ण परत. गाडी तीन महिन्यांत येणार होती. मग पाच झाले, मग 'तुमच्या व्हेरियंटला जरा वेळ लागतोय सर'. पहिले दोन महिने मी रोज रात्री त्या गाडीचं काही ना काही बघत असे. घरात तिच्या रंगावरून मतदान झालं. गेल्या आठवड्यात शोरूममधून फोन आला की पुढच्या महिन्यात अलॉटमेंट नक्की, आणि मी 'बरं' म्हणालो. दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाल्यावर म्हणतो तसं.

या मधल्या काळात गाडीत काही खोट निघालेली नाही. माझी नोकरी गेलेली नाही. पैशांची सोय होती तशी आहे. बदललं आहे ते फक्त एक : मला ती गाडी आता तितकीशी नको आहे. प्रश्न असा की या 'नको'ला किती किंमत द्यायची?

याची दोन तयार उत्तरं मिळतात. ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, "बरं झालं. खरी गरज नव्हती हे वेळेत कळलं." बायको म्हणाली, "गाडी दारात उभी राहू दे, मग बघते तुझं वैराग्य." पहिल्या उत्तरात उत्साह हा भ्रम आहे आणि तो ओसरणं म्हणजे सत्याचं दर्शन. दुसऱ्या उत्तरात उत्साह खरा आहे आणि ओसरणं म्हणजे नुसता थकवा. दोन्ही उत्तरं शहाणपणाची आहेत. पण दोन्हींमध्ये भावनेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे, एकात तिच्या गैरहजेरीची साक्ष आणि दुसऱ्यात हजेरीची. भावनेला त्या पिंजऱ्यात उभं करावं का, हा मला मूळ प्रश्न वाटतो.

*

वाट बघितल्याने इच्छा मरते, असा काही नियम नाही. उलट उदाहरण आपल्याच घरांमध्ये आहे. लायसन्स-परमिटच्या काळात किती स्कूटरी बनवायच्या हे कारखाना ठरवत नसे, सरकार ठरवत असे. त्यामुळे बजाज चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागे. परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे, म्हणून अमेरिकेतल्या भाच्याला अचानक भाव येई. ज्याचा नंबर लागला त्याला ती स्कूटर शोरूमच्या दारातच 'ऑन' घेऊन विकता येत असे. लग्नाच्या बोलण्यांत स्कूटरचा नंबर कधी लागणार याची चौकशी होई. आमच्या बाबांनीही स्कूटरसाठी नंबर लावला होता आणि तो लागेपर्यंत मी बालवाडीत जायला लागलो होतो. त्या वर्षांत त्यांची इच्छा कमी झाली का, असं मी त्यांना परवा विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "कमी कशाला होईल? बसला रोज लोंबकळत होतो ना."

दुसरं उदाहरण विजेच्या गाड्यांमधलंच आहे. ३१ मार्च २०१६ रोजी टेस्लाने मॉडेल थ्री ही गाडी दाखवली. मूळ किंमत ३५ हजार डॉलर, बुकिंगला एक हजार डॉलर. लोक पहाटेपासून दुकानांबाहेर रांगा लावून उभे होते आणि बहुतेकांनी गाडी बघण्याआधीच पैसे भरले. आठवड्याभरात सव्वातीन लाख बुकिंगं झाली. पहिल्या गाड्या जुलै २०१७मध्ये लोकांच्या हातात पडल्या. त्यानंतर कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार एकूण बुकिंगं पाच लाखांच्या वर होती आणि त्यांतली सुमारे ६३ हजार रद्द झाली होती. भारतातूनही काही जणांनी २०१६मध्ये पैसे भरले होते. टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं ते जुलै २०२५मध्ये, आणि तिथे विकायला होती ती दुसरीच गाडी, मॉडेल वाय, साधारण ६० लाखांपासून पुढे. नऊ वर्षांत बुकिंग करणारा माणूसही बदललेला असणार आणि गाडीही.

बाबांची रांग आणि ही रांग यांत मला दोन फरक दिसतात. पहिला फरक वस्तूचा. बाबांनी नंबर लावला तेव्हाची स्कूटर आणि घरी आलेली स्कूटर यांत रंग सोडला तर फारसा फरक नव्हता. इच्छेला टेकायला एक स्थिर वस्तू होती. विजेच्या गाडीचं तसं नाही. तिच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीचा असतो. ब्लूमबर्गच्या सर्वेक्षणानुसार बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०१०मध्ये किलोवॉट-तासाला एक हजार डॉलरच्या वर होती, २०२४मध्ये ती ११५ डॉलरवर आली. म्हणजे जो थांबतो त्याला बहुधा अधिक चांगली गाडी कमी पैशांत मिळते. इथे थांबणं हाच शहाणपणा ठरतो आणि घेणं नेहमीच थोडं लवकर. बाबांच्या रांगेत पुढे सरकलं की वस्तूची किंमत वाढत होती, माझ्या रांगेत ती कमी होते आहे. अशा रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण मूर्ख आहोत की काय अशी शंका दर महिन्याला येते, आणि त्या शंकेपुढे उत्साह टिकत नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. बाबांच्या इच्छेला खायला काही नव्हतं. शेजाऱ्यांची स्कूटर दिसायची तेवढंच. माझ्या इच्छेला मात्र रोज पंचपक्वान्नं मिळत होती. त्या गाडीचे दरवाजे कसे बंद होतात याचा आवाज मी ऐकला आहे. ती ताम्हिणी घाटात पावसात कशी वळते, पुणे ते कोल्हापूर एका चार्जिंगमध्ये जाते का, मागच्या सीटवर सहा फुटी माणसाचे गुडघे कुठे टेकतात, हे सगळं मला पाठ आहे. मी ती गाडी शंभर वेळा चालवली आहे, फक्त स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं. माझी इच्छा उपासमारीने गेली नाही, अजीर्णाने गेली.

कॉलिन कॅम्पबेल या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८७ साली आधुनिक ग्राहकाबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की आधुनिक ग्राहक मुळात वस्तूचा उपभोग घेत नाही, वस्तूबद्दलच्या दिवास्वप्नाचा घेतो. खरी वस्तू हातात आली की ती स्वप्नाइतकी चांगली नसते, मग तो पुढच्या वस्तूकडे वळतो. कॅम्पबेलच्या काळात स्वप्न स्वतःचं स्वतःला रंगवावं लागे. आता ते तयार मिळतं, इतकं तपशीलवार की वस्तू येण्याआधीच स्वप्न संपून जातं. पूर्वी अपेक्षाभंग खरेदीनंतर होत असे, आता तो आधी होतो. एका परीने हे स्वस्तात पडतं.

*

इथे आपल्या परंपरेतला एक जुना वाद आठवतो. इच्छा भोगून संपते की सोडून? ययातीची गोष्ट पहिल्या बाजूचा पराभव सांगते. त्याने धाकट्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेतलं, हजार वर्षं भोग घेतले आणि शेवटी भोगाने इच्छा शमत नाही हे कबूल करून तारुण्य परत केलं. संन्यासी दुसऱ्या बाजूचे. पण माझ्या इच्छेबाबत दोन्ही घडलेलं नाही. मी भोगलं नाही आणि सोडलंही नाही. मी फक्त बघितलं. नुसतं बघून संपणारी इच्छा या वादात कुठे बसवायची?

मेंदूविज्ञानात याला जवळचं एक निरीक्षण आहे. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवलं की 'हवं असणं' आणि 'आवडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. डोपामिनचा संबंध मुख्यतः हव्यासाशी आहे, आवडीशी नाही. म्हणून एखादी गोष्ट फार हवीशी वाटून मिळाल्यावर न आवडणं शक्य आहे, आणि फारशी नको असून मिळाल्यावर छान वाटणंही. बायकोचं म्हणणं या दुसऱ्या शक्यतेवर आधारलेलं आहे, आणि ते खरं ठरू शकतं. आजचं माझं 'नको' हे उद्याच्या 'आवडलं'बद्दल काहीच सांगत नाही. पण त्याच न्यायाने आठ महिन्यांपूर्वीचं माझं 'हवं'ही काही सांगत नव्हतं.

म्हणजे दोन्ही साक्षीदार बाद. उत्साह आहे म्हणून घ्यावी हे जितकं लंगडं, तितकंच उत्साह नाही म्हणून घेऊ नये हेही लंगडं. मग निर्णय कुणाला विचारून करायचा?

*

उत्साह गेल्यावर घरात काय उरलं ते मी मोजून बघितलं. ओहोटीला किनाऱ्यावर फिरल्यासारखं हे काम आहे, भरतीत न दिसलेले खडक दिसतात.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आमची सध्याची गाडी बुटकी आहे, तिच्यात बसताना आणि उतरताना त्यांचे गुडघे दुखतात. हे कारण उत्साहाआधी होतं आणि नंतरही आहे. पेट्रोलचा खर्च हे दुसरं. आमची गाडी किलोमीटरला सात रुपये खाते, घरी चार्ज केलेली गाडी दीड-दोन रुपयांत जाईल. पण आमचं रनिंग वर्षाला सात हजार किलोमीटर आहे. बचत पस्तीस-चाळीस हजार. पंचवीस लाखांपुढे ही रक्कम ठेवताना हसू येतं. तिसरं कारण हवेचं. गाडीच्या मागून धूर येणार नाही हे शाळेसमोर उभं राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत लहान नाही. मात्र आपली बहुतांश वीज अजून कोळशातून येते, आणि मोठी बॅटरी बनवतानाही बराच कार्बन हवेत जातो. तो फिटायला किलोमीटर लागतात. जो टॅक्सीचालक दिवसाला दोनशे किलोमीटर चालवतो त्याचा हिशेब लवकर जुळतो. माझा सावकाश जुळेल, आणि बॅटरी जितकी मोठी तितका अधिक सावकाश.

चौथं कारण मला सगळ्यांत जड वाटतं, कारण ते माझ्यापुरतं नाही. गाडी बुक केल्यावर मी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चार्जिंग पॉइंटचा विषय मांडला होता. वाद झाले, आगीची भीती निघाली, 'ज्यांना हवं त्यांनी खर्च करावा' हे झालं. पण माझा जोर इतका होता की शेवटी ठराव झाला. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढली, पार्किंगपर्यंत केबल आली, वेगळी मीटर बसली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्या भरवशावर छोटी विजेची गाडी घेतलीसुद्धा. माझा उत्साह मावळला, पण त्यातून उभी राहिलेली केबल मावळलेली नाही.

त्या केबलकडे बघताना मला उत्साहाचं काम काय असतं ते थोडं स्पष्ट झालं. सभेत उभं राहून भांडायला तो लागतो. नुसत्या कारणांच्या बळावर मी त्या दिवशी तासभर बोललो नसतो. माणूस घर बदलतो, संस्था काढतो, लग्नाला हो म्हणतो, ते या जोरावर. उत्साह गोष्टी सुरू करतो. त्या योग्य आहेत का हे सांगणं त्याचं काम नाही, आणि शेवटपर्यंत सोबत राहणंही नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवली की तो गेल्यावर एक तर जगाने फसवलं असं वाटतं किंवा आपण चंचल आहोत असं.

*

बुकिंग हे एक वचन आहे का, असंही मी स्वतःला विचारलं. कंपनीला दिलेलं वचन ते नाही, रद्द करायची मुभा करारातच आहे. मग आठ महिन्यांपूर्वीच्या मला आजच्या माझ्याकडून काही येणं आहे का? थॉमस हॉब्जने १६५१च्या 'लेव्हायथन'मध्ये हा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला आहे. जो बांधू शकतो तो सोडवूही शकतो, तेव्हा फक्त स्वतःशीच बांधलेला माणूस बांधलेला नसतो. तर्क बिनतोड आहे, पण रोजच्या जगण्यात तो पुरत नाही. सकाळी फिरायला जायचं ठरवून रोज स्वतःला सोडवणारा माणूस काहीतरी गमावत असतो. आपण आदल्या दिवशीच्या आपल्यावर थोडा तरी विश्वास ठेवला नाही तर कुठलंच लांबचं काम होणार नाही.

मला वाटतं, कालच्या 'मी'चं देणं असतं ते त्याच्या कारणांचं, त्याच्या मनःस्थितीचं नाही. त्याने जी कारणं पाहिली होती ती आजही खरी असतील तर ती टाळता येत नाहीत, मग आज कितीही कंटाळा आलेला असो. पण तो ज्या धुंदीत होता ती धुंदी आज विकत घेऊन त्याचा मान राखण्याचं बंधन माझ्यावर नाही.

या हिशेबाने पाहिलं तर माझ्यापुढचं चित्र बरंच सोपं होतं. बाबांचे गुडघे, शहरातलं रोजचं फिरणं, शाळेपुढचा धूर, पार्किंगमधली केबल, ही चारही कारणं एका उंच सीटच्या, लहान बॅटरीच्या, बारा-तेरा लाखांच्या गाडीने पूर्ण होतात. पंचवीसातले निम्मे लाख कारणांचे आहेत आणि निम्मे उत्साहाचे. काचेचं छप्पर, सोळा स्पीकर, सहा सेकंदांत शंभरचा वेग हे सगळं दुसऱ्या निम्म्यात येतं.

उत्साहाचे पैसे खर्च करणं यात मला काही अनैतिक दिसत नाही. फक्त कारणांवर जगणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणे टिकत नाहीत. लग्नात पैठणी घेणारी, कर्ज न काढता हिमालयात जाणारी, पहिल्या पगारात आईला सोन्याची रिंग करणारी माणसं काही हिशेब करून आनंदी होत नाहीत. माझा उत्साह आज जिवंत असता तर मी ते बारा लाख आनंदाने दिले असते आणि कुणाला उत्तर द्यायला बांधील नसतो. पण ज्याच्यासाठी ते द्यायचे तोच हजर नाही. न आलेल्या पाहुण्याच्या ताटाचे पैसे भरण्यासारखं ते आहे. शिवाय त्या गाडीचा जो आनंद मला मिळायचा होता त्यातला मोठा वाटा मी या आठ महिन्यांत फुकट घेऊन बसलो आहे.

तेव्हा मी मोठ्या गाडीचं बुकिंग सोडतो आहे आणि लहान गाडी बघतो आहे. लेकीने निवडलेला रंग तिच्यात मिळतो. बायकोचं म्हणणं अजून असं आहे की मी मोठी गाडी एकदा चालवून मग ठरवायला हवं होतं. त्यात तथ्य आहे, आणि बेरिज तिच्या बाजूने आहेत. बाबांना हा सगळा विचार जरा जास्तच वाटतो. त्यांची स्कूटर घरी आली तेव्हा खूप आनंद झाला असेल ना, असं विचारलं तर म्हणाले, "आनंद वगैरे दोन दिवस. मग वीस वर्षं सोय."

हे सगळं मला परवडतं ते एकवीस हजार परत मिळणार आहेत म्हणून, याची जाणीव आहे. सगळ्या रांगा अशा नसतात. अमेरिकेतल्या ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असलेले माझे दोन वर्गमित्र आहेत. भारतीयांसाठी ती रांग दशकाहून लांब आहे. तिथे कायमचं राहायचा त्यांचा उत्साह केव्हाच ओसरला, असं ते स्वतःच सांगतात. पण मुलं तिथल्या शाळेत आहेत, घराचे हप्ते चालू आहेत, इथे आई-वडील थकत आहेत. त्यांच्याकडे कारणांची यादी दोन्ही बाजूंना सारखीच लांब आहे आणि बुकिंग रद्द करायला फोन नंबर नाही. उत्साह निघून गेल्यावर कारणं बघावीत, हे माझं सूत्र गाडीपुरतं चाललं. दोन्हीकडची कारणं समसमान असतील तिथे काय बघायचं, ते त्यांना सांगण्याइतकं उत्तर अजून माझ्याजवळ नाही. एवढंच म्हणू शकतो की अशा ठिकाणी गेलेला उत्साह परत यायची वाट बघत बसू नये. ती आणखी एक रांग होते.